एका डोळ्यावर गाडी : लायसन्सचं नूतनीकरण कसं करावं, आणि करावं का?

पाऊलवाट
८ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी इथं वाचायला येते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

वय ४४. कराडजवळच्या गावात राहते. डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या शेतात ऊसतोड चालू होती. टोळीला चहा द्यायला सरीतून चालले होते, तेव्हा उसाची पात डाव्या डोळ्यावरून ओढली गेली. टोचलं, पाणी आलं, संध्याकाळपर्यंत डोळा लाल झाला. मेडिकलमधून थेंब आणून दोन दिवस घातले. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं हे नंतर कळलं, आणि पातीबरोबर डोळ्यात शिरलेल्या बुरशीला त्यानं रान मोकळं मिळालं. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, पडलं होतं. दीड महिना तासातासाला औषध घातलं. डोळा राहिला, नजर गेली. आता डाव्या बाजूला उजेड की अंधार एवढंच कळतं. उजवा डोळा चांगला आहे, चष्म्यानं तक्त्यावरची शेवटची ओळ वाचते.

ऊसपट्ट्यातलं कुणी वाचत असेल तर एवढं लक्षात ठेवा. पात लागली की त्याच दिवशी थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. मेडिकलच्या काउंटरवरचा थेंब घालू नका.

आता मुद्द्याचं. माझं लायसन्स २००५ चं आहे, दुचाकी आणि चारचाकी दोन्हींचं. २० वर्षांची मुदत येत्या जूनमध्ये संपते. सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, घरापासून २६ किलोमीटरवर. मिस्टर पुण्यात नोकरीला, शनिवारी रात्री येतात. आधी मीच न्यायचे. डोळा गेल्यापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही, भाड्याच्या गाडीनं नेतो. पैसे जातातच, शिवाय सणावाराला गाडी मिळत नाही. दिवाळीत एक फेरी चुकली आणि त्या रात्री त्यांना जो दम लागला तो मी विसरू शकत नाही.

फुलावर बसवायला रंगीत लेन्स दिलीय, त्यामुळं बाहेरून पटकन कुणाला कळत नाही. एजंट म्हणाला, "ताई, डोळ्याचं लिहूच नका, कोण बघतंय." ते ऐकल्यापासून झोप नाही. खरं लिहिलं तर लायसन्स जाईल का? एका डोळ्यावर गाडी चालवणारे इथं कुणी आहेत का? आणि सगळ्यात आधी, मी चालवावी का? उत्तर "नको" असेल तर तेही सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही.

गियरबॉक्स
८ फेब्रुवारी २०२५, रात्री ११:०५

ताई, माझं नाशिकला २२ वर्षं ड्रायव्हिंग स्कूल आहे. आधी एजंटचं सांगणं डोक्यातून काढून टाका.

फॉर्म १ म्हणजे आपण स्वतः सही करून देतो ते तब्येतीचं घोषणापत्र. त्यात नजरेचा प्रश्न आहे : चांगल्या उजेडात, २५ मीटरवरून, लागत असेल तर चष्मा लावून, मोटारीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्यानं वाचता येते का? बहुतेक लोक इथं 'होय'वर खूण करून पुढं जातात. त्याच वाक्यात मध्ये एक कंस आहे, तो कुणी वाचत नाही. तो कंस तुमच्यासाठीच आहे. तुमच्याकडं किमान ५ वर्षं लायसन्स असेल, एका डोळ्याची नजर त्या ५ वर्षांनंतर गेली असेल, अर्ज हलक्या खासगी वाहनासाठी असेल आणि गाडीला स्टिअरिंगच्या बाजूला बाहेरचा आरसा असेल, तर एका डोळ्यानं प्लेट वाचता आली तरी चालतं.

तुमचं लायसन्स २००५ चं, नजर गेली २०२३ ला. १८ वर्षं झाली. तुम्ही कंसात बसता.

कंस फक्त हलक्या खासगी वाहनाचा आहे, हे मात्र ध्यानात ठेवा. ट्रान्सपोर्टचं वाहन त्यात येत नाही आणि शब्दशः वाचलं तर दुचाकीही येत नाही.

चाळिशी ओलांडल्यावर फॉर्म १-अ म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतंच. कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडून न तपासता सही घेऊ नका. ज्यांनी डोळ्यावर उपचार केले त्यांच्याकडूनच भरून घ्या, त्यात डाव्या डोळ्याचं स्पष्ट लिहायला सांगा.

लपवलं तर काय? मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९. खोटी माहिती देऊन मिळवलेलं लायसन्स रद्द होऊ शकतं. उद्या कुठं साधा धक्का जरी लागला, चूक समोरच्याची असली, तरी पहिली तुमची सही काढतील. जे कायद्यानं सरळ मिळतंय ते चोरून कशाला घ्यायचं?

नेत्रसेविका
९ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७:२०

पाऊलवाट, मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासणारी, आहे. उसाच्या पातीचे डोळे आमच्याकडं दर हंगामात येतात, त्यामुळं तुमची पोस्ट वाचून पोटात तुटलं.

चालवावी का, हे तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. कायदा नंबरप्लेटवर थांबतो, पण प्लेट वाचणं ही समोरची नजर झाली. गाडीला कडेचीही लागते.

दोन्ही डोळे मिळून माणसाला साधारण १८० अंश किंवा थोडं जास्त रुंद दिसतं. एका डोळ्याला १५० ते १६०. म्हणजे निम्मं जात नाही, गेलेल्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेची ३० अंशांची पाचर जाते. मध्ये नाक येतं म्हणून. तुमचा डावा गेला, म्हणजे रस्त्याची डावी कड गेली. सायकलवाला, कडेनं चालणारी बाई, डावीकडून घुसणारी मोटारसायकल, सगळे तिथंच असतात.

दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. प्रत्येक डोळ्यात एक जागा अशी असते जिथं काहीच दिसत नाही, कारण तिथून नस बाहेर पडते. दोन डोळे एकमेकांची ती जागा भरून काढतात. तुमचं आता कुणी भरणारं नाही. करून बघा : कागदावर एक फुली काढा, तिच्या उजवीकडं ९ सेंटिमीटरवर ठळक ठिपका. डावा डोळा झाका, उजव्यानं फक्त फुलीकडं बघा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण ३० ते ३५ सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. रस्त्यावर हीच जागा नजरेच्या मध्यापासून १५ अंश उजवीकडं पडते, म्हणजे आपल्याकडं समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला. नजर एकाच जागी खिळली तर २० मीटरवरचा अख्खा मोटारसायकलवाला तिच्यात मावतो. नजर हलती ठेवली की तो लगेच दिसतो. म्हणून नजर हलती ठेवायची सवय हाच यावरचा इलाज.

अंतराचं म्हणाल तर दोन डोळ्यांचा खरा फायदा जवळच्या कामाला होतो : सुईत दोरा, पार्किंग, पुढच्या गाडीमागं थांबणं. लांबचं अंतर मेंदू इतर खुणांवरून काढतो. वस्तू केवढी दिसते, कशाआड काय झाकलं जातं, आपण हलल्यावर काय भराभर सरकतं आणि काय सावकाश. हे शिकायला काही महिने जातात. तुम्हाला वर्ष उलटलंय, त्यामुळं घरातली कामं जमत असतील. गाडीचं मात्र वेगळं शिकावं लागेल.

माझी विनंती : नूतनीकरणाआधी उजव्या डोळ्याची परीमेट्री, म्हणजे कडेपर्यंत किती दिसतं त्याची तपासणी, करून घ्या. कायदा मागत नाही, पण तुम्हाला स्वतःला कळायला हवं. आणि चष्म्याच्या काचा सहज न फुटणाऱ्या, पॉलिकार्बोनेटच्या घ्या. आता तो डोळा एकच आहे.

रिकामी_ओंजळ
९ फेब्रुवारी २०२५, दुपारी २:१५

मला इथं कडू बोलायचं नाही, पण गप्पही बसवत नाही.

माझे बाबा २०१६ ला गेले. सकाळी सायकलवरून दूध घेऊन येत होते, रस्त्याच्या डाव्या कडेनं. मागून आलेल्या गाडीनं उडवलं. गाडीवाल्याच्या डाव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू होता, हे नंतर पोलिसांच्या कागदांत आलं. त्याला माहीत होतं. घरच्यांना माहीत होतं. "रोजचाच रस्ता आहे" म्हणून चालवत होता.

ताई, तुमची अडचण खरी आहे. सासूबाईंसाठी तुम्ही करताय ते मोठं आहे. पण त्या डाव्या कडेला कुणाचे तरी बाबा असतात. प्लेट वाचली, सही झाली, एवढ्यावर गाडी बाहेर काढू नका.

पाऊलवाट
९ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:३०

रिकामी_ओंजळ, तुमची पोस्ट मी चार वेळा वाचली. मिस्टरांनाही वाचून दाखवली. तुम्ही लिहिलंत म्हणून आभार मानते, लिहिणं सोपं गेलं नसणार.

मी इथं सगळ्यांसमोर शब्द देते. परीमेट्री होईपर्यंत आणि मोकळ्या मैदानात हात बसेपर्यंत गाडी रस्त्यावर आणणार नाही, लायसन्स हातात असलं तरी. तपासणीत काही निघालं तर विषय संपला. स्कूटी लेकीला देऊन टाकलीय.

थेम्सकाठी
१० फेब्रुवारी २०२५, पहाटे ३:५०

इंग्लंडमधून लिहितेय. इथं मोटारीपुरतं बघितलं तर एका डोळ्यानं चालवायला बंदी नाही. प्लेट २० मीटरवरून वाचता यायला हवी, चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासह निदान ६/१२ हवी (नीट नजरेचा माणूस १२ मीटरवरून वाचतो ते ६ मीटरवरून) आणि दिसण्याची रुंदी निदान १२० अंश. यात बसत असाल तर लायसन्स खात्याला कळवावंही लागत नाही. पण डॉक्टर बजावतात, सवय होईपर्यंत चालवू नका. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशात अशा थांबण्याला उदाहरण म्हणून सहा महिने दिलेत. बस आणि लॉरीचं इथंही फार कडक आहे.

महत्त्वाचा फरक म्हणजे डोळा कधी गेला हे मोटारीसाठी कुणी विचारत नाही. जन्मतः असो की काल. आज काय दिसतं तेवढंच बघतात.

मक्याचं_कणीस
१० फेब्रुवारी २०२५, सकाळी ६:१०

थेम्सकाठी यांच्या पोस्टला जोडून : अमेरिकेत तर राज्याराज्यांत धावणाऱ्या ट्रकांसाठीही मार्च २०२२ पासून नियम बदलला. एका डोळ्याच्या चालकाला आधी केंद्राकडून खास सूट आणावी लागायची, आता नेत्रतज्ज्ञाचा अहवाल आणि दरवर्षी तपासणी यांवर होतं. चांगला डोळा २०/४०, म्हणजे आपलं ६/१२, आणि रुंदी ७० अंश.

केळीचं_पान
१० फेब्रुवारी २०२५, रात्री ८:४५

थेम्सकाठी यांचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो.

मी २६ वर्षांचा, सिंधुदुर्गातला. सात वर्षांचा असताना विटीदांडू खेळताना विटी उजव्या डोळ्याला लागली. डोळा काढावा लागला, कृत्रिम डोळा आहे. गुरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. गाभण गाय अडली की वाडीवर जावं लागतं, आणि आमच्या वाड्यांना दिवसाला दोनच एसट्या. बाबांची जुनी गाडी दारात उभी असते.

गियरबॉक्सदादांनी सांगितलेला तो कंस मला तोंडपाठ आहे, कारण त्या कंसाच्या बाहेर मी आहे. आधी ५ वर्षं लायसन्स हवं आणि मग डोळा जायला हवा. माझा डोळा सातव्या वर्षी गेला. ५ वर्षांचं लायसन्स आणू कुठून?

आरटीओत दोनदा अर्ज घेऊन गेलो. दोन्ही वेळा खिडकीवरूनच "होणार नाही" म्हणाले आणि कागद परत सरकवले. लेखी काही नाही. दुसऱ्या वेळी मागच्या माणसानं ऐकलं आणि माझ्या डोळ्याकडं बघत राहिला. बाहेर येऊन बराच वेळ पायरीवर बसलो होतो.

दृष्टीच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर मला ३० टक्के आहेत. सवलतींना ४० लागतात. म्हणजे सवलत मागायला गेलो की तुझं पुरेसं गेलेलं नाही, आणि लायसन्स मागायला गेलो की फारच गेलंय.

मला नियम नको असं म्हणायचं नाही. तपासा ना मला. ट्रॅकवर घ्या, रात्री घ्या, पावसात घ्या. १९ वर्षं मी एका डोळ्यानं सायकल चालवली, होडीत चढलो, नारळाच्या झाडावर चढलो. गेल्या महिन्यात ज्याचा डोळा गेला त्याच्यापेक्षा मला अंतर जास्त कळतं. पण नियमाच्या लेखी त्याला अनुभव आहे, मला नाही.

नेत्रसेविका
१० फेब्रुवारी २०२५, रात्री ९:३०

केळीचं_पान, तुमचं म्हणणं आमच्या शास्त्राला धरून आहे. लहानपणी एक डोळा गेलेल्यांचा मेंदू वाढतानाच एका डोळ्याशी जुळतो. मान वळवण्याची, डोकं किंचित हलवून अंतर काढण्याची सवय त्यांना न शिकवता लागते. मोठेपणी डोळा गेलेल्याला हीच गोष्ट कष्टानं कमवावी लागते. कंस लिहिणाऱ्यांनी गाडीचा अनुभव मोजला, एका डोळ्याचा अनुभव मोजायचा राहून गेला. दोन्ही मोजायला हवेत.

तो आरशाचा भागही तसाच. आरसा स्टिअरिंगच्या बाजूला म्हणजे उजवीकडं हवा, असं फॉर्म म्हणतो. ज्याचा उजवा डोळा गेला त्याला तो कामाचा. पाऊलवाट यांना गरज डावीकडच्या आरशाची आहे आणि तो फॉर्ममध्ये नाही. ताई, डावा आरसा तुम्ही तुमच्यासाठी नीट लावून घ्या.

गियरबॉक्स
१० फेब्रुवारी २०२५, रात्री १०:१५

भाऊ, खिडकीवरचं "होणार नाही" म्हणजे नकार नव्हे. कलम १७ वाचा. लायसन्स नाकारायचं असेल तर कारणांसह लेखी आदेश द्यावा लागतो. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं, आणि अपिलात तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. लेखी नसेल तर अपील कशाविरुद्ध करणार? म्हणून तिसऱ्यांदा जा. ऑनलाइन अर्ज भरा, नजरेच्या प्रश्नाला खरं उत्तर लिहा, नेत्रतज्ज्ञाचा सविस्तर दाखला जोडा, आणि नाही म्हणाले तर नम्रपणे म्हणा, "साहेब, एवढं लिहून द्या."

कलम ८ चं पोटकलम ४ पण वाचून ठेवा. नुसतं व्यंग आहे म्हणून नाकारा असं ते म्हणत नाही. त्या व्यंगामुळं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरण्याची शक्यता असेल तर नाकारा, असं म्हणतं. मुद्दा धोक्याचा आहे, आणि धोका आहे की नाही हे तपासून ठरतं. २०२० च्या जूनमध्ये सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणाला केंद्रानं परवानगी दिली, तीही तज्ज्ञांचा सल्ला घेऊनच. त्याआधी अशी मुलं माझ्याकडं शिकून रडत परत जायची.

जुना_रस्ता
११ फेब्रुवारी २०२५, दुपारी ४:००

मी एसटीत ३१ वर्षं चालक होतो. २०१४ ला निवृत्त झालो. २०१७ ला डाव्या डोळ्याचा पडदा सुटला, ऑपरेशन करूनही नजर आली नाही. आज वय ६९. स्वतःची छोटी गाडी आहे, दिवसा चालवतो, लायसन्स सगळं खरं लिहून नवं केलेलं आहे.

ताई, कायदा या मंडळींनी सांगितला. मी हातातलं सांगतो.

पहिलं म्हणजे मान. डोळा कितीही डावीकडं फिरवला तरी नाक आडवं येतं. मान वळली पाहिजे, हनुवटी खांद्याकडं गेली पाहिजे. डावीकडं वळताना, लेन बदलताना, बसस्टॉपजवळून जाताना, दर वेळी. सुरुवातीला मान दुखेल. दुखू द्या.

काचेच्या कडेचा खांब. ही गोष्ट ३१ वर्षांत मला कधी जाणवली नव्हती. दोन डोळे असले की एक खांबाच्या अलीकडून बघतो, दुसरा पलीकडून, म्हणून खांब असून नसल्यासारखा. एका डोळ्याला खांब म्हणजे भिंत. त्यामागं माणूस उभा राहतो आणि तुम्हाला पत्ता नसतो. तिठ्यावर डोकं पुढं-मागं करून खांबाच्या दोन्ही अंगांनी डोकवायचं.

थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं जिथं रस्त्याला टेकतात ती जागा दिसली पाहिजे. ती बोनेटखाली गेली की तुम्ही फार जवळ आहात. अंदाजावर जाऊ नका, या खुणेवर जा.

धुळीचं फार जपा. तुमच्याकडं आता जास्तीचा डोळा नाही. उघड्या खिडकीतून एक चिलट आलं की गाडी पळतेय आणि पुढं सगळं काळं. काच बंद ठेवायची, चष्मा कायम. असं झालंच तर ब्रेक जोरात मारू नका. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचला, डावा इंडिकेटर द्या, स्टिअरिंग सरळ धरा, कडेला घ्या. हे मी मैदानात डोळा मिटून दोन-दोन सेकंद करून बघितलं होतं, शेजारी मुलगा बसला होता.

आता तुमच्या भागाचं. हंगामात अंधार पडला की गाडी बंद. उसाच्या दुहेरी ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर ऊस बाहेर आलेला. बैलगाड्यांचंही तसंच. दोन डोळ्यांची माणसं त्याखाली गेलीत. आणि समोरून एकच दिवा आला तर ती मोटारसायकल समजू नका, फुटक्या दिव्याची जीप समजा आणि तेवढी जागा सोडा. दोन डोळ्यांच्या माणसालाही तो फसवतो, आपल्याला जास्त.

पहिलं वर्षभर ओव्हरटेक नको. ट्रॅक्टरमागं रांगत गेलात तरी डायलिसिसला अर्धा तास आधी निघालं की पोचता येतं.

दिंडी_दरवाजा
११ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:००

जुना_रस्ता काका, अशी पोस्ट छापून भिंतीला लावावी. धीर म्हणून एक आठवण : नवाब पतौडींचा १ जुलै १९६१ ला इंग्लंडमध्ये होव्ह इथं गाडीचा अपघात झाला, उजव्या डोळ्याची नजर गेली. त्याच डिसेंबरात ते भारताकडून पहिली कसोटी खेळले. तेव्हा ते २० वर्षांचे होते.

पाऊलवाट
३० मार्च २०२५, गुढीपाडवा, दुपारी १:२०

पाडव्याच्या शुभेच्छा. बरेच दिवस लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं व्हायला वेळ लागला.

परीमेट्री झाली. पांढऱ्या अर्धगोलात तोंड घालून बसायचं, बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याची रुंदी पूर्ण आहे, मध्ये कुठं तूट नाही. डॉक्टर म्हणाले दर वर्षी करा.

मग यात्रेच्या मैदानात सराव. लेक बारावीची परीक्षा संपवून मोकळी झाली होती, ती टेप घेऊन बसायची. पाण्याच्या बादल्या मांडायच्या आणि बादलीपासून फूटभरावर थांबायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं अगदी टेकले, आणि टेप लावला तर साडेचार फूट. दुसऱ्या खेपेला बादली आडवी झाली. गाडीतच रडले. लेक काही बोलली नाही, बादली उचलून परत जागेवर ठेवली. चौथ्या आठवड्यात दहातल्या आठ वेळा फूट-दीड फुटावर थांबायला लागले. डाव्या आरशावर छोटा गोल फुगीर आरसा चिकटवलाय. खांबाचं काकांनी सांगितलं ते पटवून घ्यायला लेकीला लांब उभं केलं आणि खरंच, ती अख्खी गायब झाली. तेव्हापासून तिठ्यावर डोकं हलवायला कुणी आठवण करायला लागत नाही.

गेल्या रविवारी मिस्टर शेजारी बसले आणि सकाळी सहाला रिकाम्या रस्त्यावर चार किलोमीटर गेले. लायसन्सची मुदत अजून आहे. तरी नवं झाल्याशिवाय सासूबाईंना घेऊन जाणार नाही.

रिकामी_ओंजळ
३० मार्च २०२५, सायंकाळी ६:४०

ताई, मैदानात बादल्या मांडलेल्या डोळ्यांसमोर आल्या. शब्द पाळलात. सावकाश चालवा.

पाऊलवाट
२१ मे २०२५, रात्री ९:१०

झालं. नूतनीकरण मिळालं, १० वर्षांचं.

ज्यांना पुढं उपयोग होईल त्यांच्यासाठी लिहिते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी फॉर्म १-अ भरला, त्यात डाव्या डोळ्याला नजर नाही असं सरळ लिहिलं. परीमेट्रीचा कागद मी न मागता जोडला. दुचाकीचा वर्ग स्वतः सोडला, तशी ऑनलाइन सोय आहे. आणि २००५ च्या लायसन्सची प्रत आणि डिसेंबर २०२३ चा दवाखान्याचा कागद शेजारी-शेजारी लावले, म्हणजे १८ वर्षं आधीपासून चालवत होते हे एका नजरेत दिसावं.

खिडकीवरचे आधी "डोळ्याचं आहे, साहेबांकडं जा" म्हणाले. इन्स्पेक्टर साहेबांनी सगळं वाचलं. मला बाहेर नेलं, स्वतः पावलं मोजत लांब गेले आणि तिथल्या गाडीची प्लेट वाचायला लावली. मग दुसरी. मग म्हणाले, "गाडी आणलीय? एक चक्कर मारा." मी मारली. डावीकडं वळताना मान पूर्ण वळवली ते त्यांनी बघितलं. खाली उतरल्यावर म्हणाले, "बरेच जण लपवतात. तुम्ही लिहिलंत."

काल सासूबाईंना डायलिसिसला घेऊन गेले. त्या शेजारी बसल्या होत्या, सारख्या "डावीकडं मोकळं हाय" सांगत होत्या. मी म्हटलं, आत्या, तुम्ही डोळे मिटून पडा, मला माझं बघू द्या. पाटण तिकाटण्याला गर्दीत दोनदा थांबले. परत येताना त्या झोपल्या होत्या.

केळीचं_पान, तुमचं काय झालं?

केळीचं_पान
९ ऑगस्ट २०२५, रात्री १०:०५

ताई, अभिनंदन. उशिरा लिहितोय, कारण हातात कागद आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

जूनमध्ये तिसऱ्यांदा गेलो. नेत्रतज्ज्ञांचा दाखला, परीमेट्री, सातव्या वर्षीच्या ऑपरेशनचा कागद, सगळं जोडलं. प्रश्नाला खरं उत्तर लिहिलं : उजवा डोळा नाही, डाव्यानं वाचता येतं. पुन्हा "होणार नाही" आलं. मी दादांनी सांगितलेलं वाक्य म्हटलं. ते म्हणाले, लिहून देत नाही. मी म्हटलं, मग मी लेखी मागणी करतो, तिची पोच द्या. कलम १७ चा उल्लेख करून अर्ज दिला, पोच घेतली. महिन्यानं परत गेलो. पुढच्या आठवड्यात परत.

२९ जुलैला आदेश हातात आला. कारण एका ओळीत आहे : अर्जदार प्रत्येक डोळ्यानं नंबरप्लेट वाचू शकत नाही. धोक्याबद्दल एक शब्द नाही. ट्रॅकवर कुणी बसवलेलंच नाही.

अपिलाचा मसुदा ओळखीच्या वकीलताईंनी करायला घेतलाय, कलम ८(४) वरच. नेत्रसेविकाताई, लहानपणी डोळा गेलेल्यांच्या सवयीबद्दल तुम्ही लिहिलं होतंत, ते तुमच्या सहीनं एका पानावर मिळेल का? जुना_रस्ता काका, खांबाचा आणि मान वळवण्याचा सराव मी बाबांबरोबर आमच्या आवारात करतोय, त्याचे व्हिडिओ जोडायचे म्हणतो, तुम्ही बघून सांगाल का काय कमी आहे?

३० दिवसांतला आज अकरावा.